छप्पन्न अंशांचा पारा आणि कोळशाची साक्ष

३० मे २०२४ रोजीं नागपुरांतील एका स्वयंचलित हवामानकेंद्रानें ५६ अंश सेल्सियस तापमान दाखविलें. सोनेगांवच्या वेधशाळेंतील पारा पुष्कळच खालीं होता. हवामान खात्यानें तो आंकडा यंत्राच्या बिघाडाचा ठरविला. संशयी मंडळींना आयतेंच निमित्त मिळालें. यंत्रेंच खोटीं, मग तापमानवाढ माणसामुळें होते हें तरी खरें कशावरून? शिवाय नागपूर काय आजच तापूं लागलें? वाळ्याचे पडदे आजोबांच्या काळींही भिजवीत असत.

शंका घेणें गैर नव्हे. खात्यानें प्रथम तेंच केलें. परंतु माणसावरील आरोप एका दिवसाच्या पाऱ्यावर मुळीं उभाच नाहीं. त्याची साक्ष कोळसा देतो. हवेंत व सजीवांत कार्बन-१४ नांवाचा किरणोत्सर्गी कार्बन अल्पांशानें असतो. मृत वनस्पतींत तो दर सुमारें ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो. उमरेडचा कोळसा कोट्यवधि वर्षांपूर्वींचा. त्यांत तो औषधालाही उरलेला नाहीं. असा कोळसा जाळला कीं हवेंतील कार्बन-१४ चें प्रमाण उतरतें. एकोणिसाव्या शतकांतील लांकडापेक्षां नंतरच्या लांकडांत तें कमी आहे, हें हान्स सूस यांनीं १९५५ सालीं दाखविलें.

ज्वालामुखीच्या वायूंतही कार्बन-१४ नसतो, ही हरकत रास्त आहे. पण तो वायु तयारच बाहेर पडतो. कोळसा जळतांना मात्र प्राणवायु खर्चीं पडतो, आणि हवेंतील प्राणवायु किंचित् घटत असल्याचें मोजमापांत दिसतें. राहिला सूर्य. तो अधिक तापला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थर निवत चालला आहे.