पॉवर स्टीअरिंग द्रवाची गळती

पॉवर स्टीअरिंग द्रवाची गळती हा मोटारीच्या हायड्रॉलिक, म्हणजे द्रवदाबावर चालणाऱ्या स्टीअरिंग यंत्रणेत उद्भवणारा दोष आहे. ही यंत्रणा बंदिस्त असल्यामुळे तिच्यातील द्रव इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. त्यामुळे टाकीतील पातळी वारंवार खालावणे हे सहसा गळतीचेच लक्षण असते. गॅरेजच्या बोलीत या द्रवाला 'स्टीअरिंग ऑइल' म्हणतात.

पार्श्वभूमी

अमेरिकी अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२०च्या दशकात हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग विकसित केले. १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल या मोटारीतून ते प्रवासी वाहनांच्या बाजारात आले.

रचना व कार्य

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतील द्रव उच्च दाबाने रबरी होजमधून स्टीअरिंग रॅककडे पाठवतो. चालक ज्या दिशेने चाक वळवतो, त्यानुसार रॅकमधील झडप द्रवाला दट्ट्याच्या एका बाजूस वाट करून देते. दट्ट्या सरकतो व पुढील चाके वळवण्यास जोर लावतो. काम झालेला द्रव कमी दाबाच्या नळीतून टाकीत परततो.

कारणे

इंजिनाची उष्णता, वय व कंपने यांमुळे होज कडक होऊन तडकतात आणि क्लॅम्प सैल होतात. पंपाच्या दांड्यावरील व रॅकच्या टोकांकडील ऑइल सील झिजतात. रॅकच्या टोकांवरील रबरी बूट फाटल्यास आत धूळ व पाणी शिरून दांडा गंजतो आणि खरखरीत झालेला दांडा सील कापू लागतो. चाक पूर्ण वळवून बराच वेळ तसेच धरून ठेवल्यास दाब कमाल मर्यादेला पोहोचतो व जीर्ण भागांवर ताण येतो.

लक्षणे व निदान

स्टीअरिंग जड होणे, वळवताना पंपातून घरघर ऐकू येणे, टाकीत फेस दिसणे आणि वाहनाच्या पुढील भागाखाली तेलकट डाग पडणे ही मुख्य लक्षणे आहेत. हा द्रव बहुधा तांबडा किंवा फिकट पिवळसर असतो, काही वाहनांत हिरवाही असतो. जुना झाल्यावर तो तपकिरी होतो. वातानुकूलन यंत्राखाली साचणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

रात्रभर वाहनाखाली पुठ्ठा पसरून ठेवल्यास डागाच्या जागेवरून गळतीचा अंदाज येतो. द्रव नळ्यांवरून ओघळत दूर जाऊन टपकत असल्याने भाग आधी पुसून मग सर्वांत वरची ओली जागा शोधावी लागते. रॅकचे सील गळत असल्यास द्रव प्रथम बूटमध्ये साचतो, त्यामुळे जमीन कोरडी असूनही गळती असू शकते.

उपाय

द्रव वरचेवर भरत राहणे ही दुरुस्ती नव्हे. तो केवळ गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता उपाय आहे. वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेलाच द्रव वापरावा लागतो. ब्रेक ऑइल घातल्यास रबरी सील खराब होतात व लहान दोष मोठा होतो. सील मऊ करणारी मिश्रणे किरकोळ पाझर काही काळ रोखू शकतात, परंतु फुटलेल्या होजवर ती निरुपयोगी ठरतात.

सैल क्लॅम्प घट्ट करणे किंवा होज बदलणे हे तुलनेने सोपे काम आहे. रॅकचे सील बदलण्यासाठी मात्र रॅक उतरवावा लागतो आणि नंतर चाकांचे अलाइनमेंट करावे लागते. द्रव भरल्यावर पुढील चाके जमिनीपासून उचलून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात व यंत्रणेतील हवा काढतात.

सुरक्षितता

द्रव संपला तरी स्टीअरिंग व चाके यांची यांत्रिक जोडणी कायम राहते, त्यामुळे वाहन वळवता येते. तथापि, त्यासाठी अचानक बराच जोर लागतो. घाटातील वळणावर किंवा मंद वेगात हे धोक्याचे ठरते. द्रवाविना फिरणारा पंप वंगण न मिळाल्याने लवकर निकामी होतो. तापलेल्या एक्झॉस्टवर द्रव पडल्यास आग लागू शकते. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नये, कारण उच्च दाबाची बारीक धार त्वचा भेदू शकते.

सांडलेला द्रव भुसा किंवा वाळूने टिपून घेतात. तो गटारात सोडल्यास माती व पाणी दूषित होते.

पूर्णतः विजेवर चालणाऱ्या स्टीअरिंगमध्ये हा द्रव नसतो, त्यामुळे अशा वाहनांत ही गळती संभवत नाही. तेथे स्टीअरिंग जड झाल्यास दोष अन्यत्र शोधावा लागतो.