जुनें यंत्र व नवा ॲडॅप्टर

वापरलेलीं विद्युत्-यंत्रें विकत घेण्याचा प्रघात आपल्या घरांतून बराच वाढला आहे, व आमच्या मतें तो सर्वथा स्तुत्य आहे. कोणी मुलीसाठीं कीबोर्ड घेतो, कोणी रेडिओ, कोणी संगणकाचा पडदा. मात्र अशा वस्तूबरोबर तिचा ॲडॅप्टर, म्हणजे भिंतींतील वीज यंत्रास मानवेल अशी करून देणारी ती लहानशी काळी डबी, पुष्कळदां येत नाहीं. ती पहिल्या धन्याच्या घरीं कोठेंतरी राहून जाते. मग घरांतील दुसऱ्याच एखाद्या यंत्राचा ॲडॅप्टर उचलून, 'भोकांत बसतो ना, मग झालें,' एवढ्याच पुराव्यावर तो जोडला जातो, आणि काटकसरीनें घेतलेला कीबोर्ड एका क्षणांत मुका होतो. हा अनर्थ टाळणें कठीण नाहीं. यंत्रास काय हवें तें बहुधा यंत्रावरच लिहिलेलें असतें; तें वाचावें कसें, एवढेंच येथें सांगण्याचा आमचा उद्देश आहे.

उदाहरणादाखल कीबोर्डच घेऊं. नाताळच्या गीतांची तयारी सुरू झाली कीं असे जुने कीबोर्ड घरोघरीं बाहेर निघतात. कॅसिओ कंपनीच्या पुष्कळ जुन्या कीबोर्डांस एडी-५ या नांवाचा ॲडॅप्टर लागतो. तो ९ व्होल्टचा असून त्याच्या प्लगाची आंतील बाजू ऋण व बाहेरील बाजू धन असते. त्याच कंपनीच्या पुढील काळांतील अनेक कीबोर्डांस एडी-ई९५१०० या जातीचा ॲडॅप्टर लागतो, तो ९.५ व्होल्टचा, आणि त्याची आंतील बाजू धन! यामाहाच्या लहान कीबोर्डांपैकीं पुष्कळांस १२ व्होल्ट लागतात, व तेथेंही आंत धनच असतें. तेव्हां 'कॅसिओचा आहे, कॅसिओला चालेलच,' या समजुतीवर विसंबून राहणें किती धोक्याचें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

ही आंत-बाहेरची खूण ओळखण्यासाठीं यंत्राच्या पाठीवर, प्लगाच्या भोकाशेजारीं, एक लहानशी आकृति छापलेली असते: मध्यें ठिपका, त्याभोंवतीं एका बाजूस उघडें वर्तुळ, आणि दोहोंकडून निघालेल्या रेषांच्या टोकांस अधिक व उणें हीं चिन्हें. ठिपका म्हणजे प्लगाचें आंतील भोंक, व वर्तुळ म्हणजे त्याची बाहेरील नळी. ॲडॅप्टरवरही हीच आकृति असते. दोन्ही आकृति तंतोतंत जुळल्या पाहिजेत. कांहीं यंत्रांत उलट जोडणीपासून रक्षण करणारी योजना असते; परंतु आपल्या यंत्रांत ती आहे किंवा नाहीं, हें प्रयोग करून ठरविण्यासारखें नव्हे.

आतां आंकड्यांकडे वळूं. विजेचा दाब व्होल्टमध्यें मोजतात. गच्चीवरील टांकी जितकी उंच तितका नळाच्या पाण्याला जोर. तसाच हा दाब. तो यंत्रावर लिहिला असेल तेवढाच असावा. अँपिअरचा आंकडा मात्र निराळ्या प्रकारचा आहे, आणि याविषयीं सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आढळतो. ॲडॅप्टरवरील अँपिअर म्हणजे तो जास्तींत जास्त किती प्रवाह पुरवूं शकेल त्याची मर्यादा. तेवढा प्रवाह तो यंत्रांत कोंबीत नाहीं. टांकी मोठी असली म्हणून घागर अधिक भरत नाहीं. आपण नळ जेवढा सोडूं तेवढेंच पाणी येतें. म्हणून ८५० मिलिअँपिअर मागणाऱ्या कीबोर्डास २ अँपिअरचा, म्हणजे २००० मिलिअँपिअरचा, ॲडॅप्टर खुशाल चालतो. उलट ५०० मिलिअँपिअरचा दिला तर कीबोर्ड सुरू होतो, दोन सूरही वाजतात. पण आवाज मोठा करितांच दाब ढासळून तो बंद पडतो, आणि इकडे ॲडॅप्टर तापत जातो. दुकानदार 'तेवढा चालतो' म्हणाला, तरी तो घेऊं नये.

ए. सी. व डी. सी. हा भेद शाळेंत शिकविलाच आहे. सरळ रेषेखालीं तीन तुटक रेषा हें डी. सी. चें चिन्ह, व लाटेसारखी वळणदार रेषा हें ए. सी. चें. बहुतेक ॲडॅप्टर डी. सी. देतात; परंतु आवाजाचे कित्येक लहान मिक्सर ए. सी. च मागतात, एवढें लक्षांत असावें.

प्लगाच्या मापानें मात्र नजर फसते. बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीचे दोन प्लग अगदीं सारखे दिसतात. एकाचें आंतील भोंक २.१ मिलिमीटर असतें व दुसऱ्याचें २.५. लहान भोकाचा प्लग जाड पिनेवर जातच नाहीं. मोठ्या भोकाचा प्लग बारीक पिनेवर बसतो, पण सैल. मग वायर हालली कीं यंत्र बंद. अशा वेळीं दोष यंत्राला दिला जातो!

लेबल झिजून गेलें असेल तर? तळाशीं मॉडेलचा क्रमांक उरला असल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर माहितीपुस्तक बहुधा मिळतें. शिवाय सेलांची पेटी उघडून पाहावी. साधा सेल १.५ व्होल्टचा, ते सहा असतील व एकापुढें एक जोडलेले असतील तर ९ व्होल्ट. यावरून दाबाचा अंदाज येतो, धन-ऋण बाजू मात्र कळत नाहीं. सेलांचा दुसरा उपयोग याहूनही मोठा आहे: जुनें यंत्र घेण्यास जातांना नवे सेल बरोबर न्यावे. सेलांवर तें वाजलें, तर ॲडॅप्टरच्या शोधांत पैसा घालण्यास हरकत नाहीं.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर व पुण्यास तपकीर गल्लींत असे ॲडॅप्टर मिळतात. जातांना कीबोर्ड नेणें जड पडेल. लेबलाचें स्वच्छ छायाचित्र न्यावें. घेतेवेळीं भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व 'आर' या अक्षरापुढील आठ आंकडी नोंदणीक्रमांक पाहावा. परदेशांतील आप्तांनीं पाठविलेल्या ॲडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट असें लिहिलें असेल तर ठीक; नुसते १२० लिहिले असतील तर आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर तो जोडूं नये. फोनच्या टाइप-सी चार्जरची युक्तिही पुष्कळांस सुचते. पण तो ५ व्होल्टहून अधिक दाब यंत्रानें मागितल्यावरच देतो, आणि जुन्या कीबोर्डास ती मागण्याची भाषा येत नाहीं.

दुकानांतच मल्टिमीटर लावून घ्यावा: लाल टोंक प्लगाच्या आंत, काळें बाहेर. आंकड्यापूर्वी उणें चिन्ह आलें तर आंतील बाजू ऋण. जुन्या पद्धतीचा जड ॲडॅप्टर ९ च्या जागीं १२-१३ व्होल्टही दाखवितो. यंत्राचा भार पडला कीं तो आंकडा खालीं येतो. नवा हलका ॲडॅप्टर मात्र लिहिल्याइतकाच दाखवील.

घरीं आणल्यावर अर्धा तास वाजवून त्याला हात लावून पाहावा. कोमट लागणें स्वाभाविक आहे; हात ठेववत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर भिंतीवरील बटण बंद करून तो काढावा, व त्याच दिवशीं परत न्यावा. ठीक चालला, तर त्याच्या पोटावर कागदाची पट्टी डकवून तीवर कीबोर्डाचें नांव लिहावें, म्हणजे पुढील नाताळांत घरांतील इतर काळ्या डब्यांतून तो चटकन हातीं लागेल.