विंचवरचे पहिले वेढे

ट्रकच्या विंचवर नवी वायर नुसती गुंडाळली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. गफलत तिथेच होते.

ताणाशिवाय बसलेले वेढे सैल राहतात. पुढे चिखलात रुतलेली गाडी ओढताना वरचा वेढा खालच्या थरांत पाचरीसारखा घुसतो. वायर चेपते, अडकते. म्हणून ड्रमवर निदान पाच वेढे शेजारी-शेजारी बसवावेत (भार त्यांच्या घर्षणावर पेलला जातो, टोकाच्या स्क्रूवर नव्हे), मग दुसरं टोक हलक्या चढावरच्या भक्कम खांबाला अडकवून विंचनेच ट्रक ओढावा. सुमारे 225 किलोचा ताण पुरतो.

वायर गुंडाळताना तिच्यातली एखादी तुटलेली तार गळासारखी हातमोज्यात रुतते आणि हात ड्रमकडे खेचते. म्हणून शेवटचा मीटरभर विंचचं बटण थांबत-थांबत दाबा, वायर ज्यावरून आत येते त्या रोलरपासून हात लांब ठेवा.