उभे वाहन हलविण्याचा अधिकार कोणाचा?

गोदाकाठचे जुने नाशिक पायी चालणाऱ्यांसाठी, फार तर टांग्यांसाठी वसले. रविवार कारंजा, भद्रकाली, मेन रोड आणि पंचवटीतील काळाराम मंदिराभोवतालच्या गल्ल्या यांची रुंदी त्याच काळी ठरून गेली. १९८२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, वस्ती सातपूर-अंबडकडे पसरली. गावठाणातील रस्ते मात्र बव्हंशी होते तेवढेच राहिले. अशा रस्त्यावर एक मोटार आडवी उभी राहिली, तरी रुग्णवाहिकेची अथवा अग्निशामक बंबाची वाट अडते. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थ पर्वणीच्या दिवशी, येथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचे कारण वाहने नव्हती. परंतु या भागात मोकळ्या वाटेचे मोल किती आहे, याची ती दुःखद साक्ष होय.

अडथळा करणारे वाहन ओढून नेण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ मध्ये आहे. नागरिकांचा बहुतेक गैरसमज या कलमातील 'दहा तास' या शब्दांभोवती घोटाळतो. सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस पडलेले वाहन हलविता येते, हे खरे. परंतु जेथे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे, तेथे दहा तासांची अट नाही. असे वाहन लगेच ओढून नेता येते किंवा त्याच्या चाकास जॅमर लावता येतो. मोडके, जळालेले वा सुटे भाग काढलेले वाहन रहदारीस धोकादायक ठरत असेल, तर तेही तत्काळ हटविता येते. मात्र मनाईच्या जागेवरील वाहन असो वा दहा तास पडून राहिलेले, त्यास हात लावण्यापूर्वी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याची अनुमती आवश्यक आहे. क्रेन खाजगी ठेकेदाराची असू शकते. निर्णय ठेकेदाराचा असू शकत नाही. ओढून नेण्याचा खर्च वाहनमालकाकडून वसूल होतो आणि दंड त्याव्यतिरिक्त असतो. २०१९ च्या सुधारणेनुसार कलम १७७ खालील दंडाची मर्यादा पहिल्या अपराधास ५०० व पुढील अपराधास १,५०० रुपये आहे.

हा अधिकार सार्वजनिक ठिकाणापुरताच आहे. जमीन कोणाच्या नावावर आहे, ही त्याची कसोटी नव्हे. तेथे जाण्याचा जनतेस हक्क आहे काय, ही खरी कसोटी. प्रवासी चढ-उतार करतात ते बसस्थानक या व्याख्येत स्पष्टपणे समाविष्ट आहे. याउलट, गृहनिर्माण संस्थेचे कुंपणाआतील आवार किंवा बंगल्याचे अंगण सामान्यतः त्यात येत नाही. फाटकाबाहेर, रस्त्यावर, वाट अडवून उभ्या राहिलेल्या गाडीबाबत वाहतूक पोलिसांकडे तक्रार करता येते. फाटकाच्या आत परक्याने लावलेल्या गाडीस कलम १२७ लागू पडत नाही.

अशा वेळी जागामालक स्वतःच क्रेन बोलावतो, चाकास साखळी घालतो. 'येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' ही पाटी तर गावोगावी दिसते. तिला कायद्याचा कोणताही आधार नाही. हवा सोडताना वा गाडी ओढताना नुकसान झाले, तर फिर्यादी असलेला जागामालकच आरोपी होण्याचा संभव असतो. गृहनिर्माण संस्थेने आपल्या उपविधींप्रमाणे नोटीस द्यावी व सभासदांतील वाद सहकार कायद्याच्या मार्गाने न्यावा. परक्याच्या अतिक्रमणाविरुद्ध पोलीस ठाणे व दिवाणी न्यायालय आहेच. गाडी चोरीची असल्याचा संशय असेल, तर मात्र पोलीस ती खाजगी आवारातूनही जप्त करू शकतात.

मनाईची जागा ठरते कशी, हेही पंचायत सदस्यांनी पाहणे अगत्याचे आहे. पदपथ, पादचारी ओलांडणी, शाळा-रुग्णालयांची प्रवेशद्वारे अशा ठिकाणी नियमानेच मनाई आहे. वाहने उभी करण्याच्या जागा मात्र कलम ११७ अन्वये राज्य शासन वा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून निश्चित करतो. वाहतूक चिन्हेही वाटेल त्याने उभारावयाची नसतात. आठवडे बाजाराच्या दिवशी शाळेसमोर ट्रॅक्टर उभे राहत असतील, तर ग्रामपंचायतीने ठराव करून तो पोलीस ठाण्यामार्फत सक्षम अधिकाऱ्याकडे पाठवावा, सोबत जागेचा नकाशा जोडावा आणि ट्रॅक्टरांसाठी पर्यायी जागाही त्याच ठरावात सुचवावी.