रात्रीत बसलेली गाडी

शेलूबाजारात अकोला-मंगरूळपीर रस्त्याला नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता मिळतो, आणि गावाजवळूनच समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 रोजी या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. शेलूबाजारजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. त्यामुळे मर्सिडीज, ऑडी, रेंज रोव्हर अशा गाड्या आता या भागात नवलाच्या राहिल्या नाहीत. लग्नकार्याला, शेतीच्या व्यवहाराला आलेली अशी एखादी गाडी गावात मुक्कामालाही असते.

समजा, अशी गाडी रात्री अंगणात नीट उभी केली. सकाळी पाहावं तर पुढचा डावा कोपरा खाली बसलेला, चाक मडगार्डात शिरलेलं. गाडी चालू केली की कुठूनतरी घरघर ऐकू येते, एक-दोन मिनिटांत कोपरा वर उचलला जातो आणि मालक निर्धास्त होतो. खरं तर दुरुस्तीची योग्य वेळ हीच. ‘उठतेय ना, मग चालू द्या’ म्हणत सहा महिने काढले, तर थोडक्यात आटोपणारं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. असं का होतं, हे कळायला आधी गाडी हवेवर कशी उभी राहते ते पाहू.

हवेचा हिशेब

साध्या कारला लोखंडी स्प्रिंग असते, ट्रकला कमानपाटे. एअर सस्पेन्शनच्या गाडीत त्यांच्या जागी रबराची, आतून दोऱ्याच्या कापडाने मजबूत केलेली पिशवी असते. गॅरेजमध्ये तिला बलून म्हणतात. गाडीचं वजन दोन टन धरलं, तर एका चाकाच्या वाट्याला सुमारे 500 किलो येतात. बलूनचं भार पेलणारं क्षेत्रफळ 80 चौरस सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सव्वासहा किलोचा भार पडतो. म्हणजे आतल्या हवेचा दाब सहा बारच्या थोडा वर हवा. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार दाब असतो. टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब बलूनमध्ये वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचा आहे.

ही हवा एक छोटा, 12 व्होल्टवर चालणारा कंप्रेसर भरतो. तिथून ती ड्रायरमधून जाते. ड्रायरमधले सिलिका जेलचे दाणे हवेतली ओल शोषून घेतात. पुढे व्हॉल्व्ह ब्लॉक कुठल्या चाकाला हवा द्यायची ते दार उघडतो, आणि बारीक प्लास्टिकच्या नळीतून हवा बलूनपर्यंत पोचते. चाकांजवळचे सेन्सर उंची मोजतात आणि कंट्रोल युनिट त्यावरून हुकूम देतं. काही गाड्यांत हवा साठवणारी टाकीही असते.

गळती हे या रचनेचं जुनं दुखणं आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूममध्ये एअर सस्पेन्शन होतं, पण गळतीला कंटाळून अनेक मालकांनी त्या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगा बसवून घेतल्या. 1998 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासने एअरमॅटिक नावाने ही रचना आणली. तोवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सुधारलं होतं. रबर मात्र रबरच राहिलं. ते उन्हाने, धुळीने आणि वयाने चिरतंच.

गळती एकाची, बळी दुसऱ्याचा

रात्री पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या बसखालीही बलूनच असतात, आणि बसची कामं करणाऱ्या मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला असतो. पण बस आणि कार यांच्यात एक मोठा फरक आहे. बसचा कंप्रेसर इंजिनवर चालतो आणि ब्रेकसाठीही हवा पुरवतो. थोडी गळती असली तरी तो ती भरून काढत राहतो. कारचा कंप्रेसर मुठीएवढ्या मोटरचा. त्याने अधूनमधून थोडा वेळ चालावं आणि थंड व्हावं, एवढ्याच बेताने तो बनवलेला असतो.

बलून गळू लागला की कंप्रेसर वारंवार चालतो. सायकलचा पंप मारताना नळी तापते, तसाच तोही तापतो. पिस्टनभोवतीची टेफ्लॉनची रिंग झिजते, दाब पुरेसा येत नाही, म्हणून तो आणखी वेळ चालतो. शेवटी रिलेचे पॉइंट चिकटतात आणि मोटर जळते.

दुसरं नुकसान दिसत नाही. गाडी खाली घेताना बलूनमधली कोरडी हवा ड्रायरमधूनच उलटी बाहेर पडते आणि जाताना दाण्यांतली ओल घेऊन जाते. त्यामुळे ड्रायर स्वतःच वाळत राहतो. गळतीची हवा मात्र परस्पर बाहेर जाते. दाणे ओलेच राहतात, आणि मग ओल व अखेर त्यांची भुकटी व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते.

म्हणून जळालेला कंप्रेसर पाहून नवा कंप्रेसर बसवणं म्हणजे अर्धीच दुरुस्ती. गळती तशीच राहिली, तर नवाही त्याच वाटेने जाणार.

टेप, साबण आणि कान

आधी बॅटरी तपासा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास विद्युतदाब हवा. कमजोर बॅटरीमुळेही सस्पेन्शनची सूचना डॅशबोर्डवर येते.

मग संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि चारही आकडे कागदावर लिहा. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा, कारण दार उघडताच काही गाड्या जाग्या होऊन स्वतःला सावरू लागतात. वाशिमच्या उन्हाळ्यात संध्याकाळी 40 अंश आणि पहाटे 25 अंश असेल, तर आतली हवा जवळजवळ पाच टक्के आकसते. त्यामुळे चारही कोपरे सारखेच काही मिलिमीटर उतरले तर घाबरू नका. एकच कोपरा उतरला तर संशय त्याच्या बलूनवर, नळीवर किंवा त्याच्या व्हॉल्व्हवर. एकाच बाजूचे, पुढचे किंवा मागचे, दोन्ही कोपरे उतरले तर दोन्ही बलून एकाच वयाचे झाले असतील किंवा दोष व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असेल.

पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवून बुडबुडे शोधतो. इथे साबणाचं पाणी फवाऱ्याने मारायचं. पहिली जागा बलूनची खालची घडी, कारण चिखल-माती तिथेच साचते आणि रबर तिथेच दुमडतं. दुसरी वरची नळीची जोडणी, तिसरी व्हॉल्व्ह ब्लॉक. चीर एका उंचीला मिटलेली आणि दुसऱ्या उंचीला उघडी असू शकते, म्हणून गाडी नेहमीच्या आणि वरच्या अशा दोन्ही उंचींवर तपासा. कुठेच बुडबुडा आला नाही, तर बऱ्याच गाड्यांत हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला साबण लावून पाहता येतं. गाडी बंद असूनही तिथे फुगा धरला, तर आतला व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

कंप्रेसर चालतो पण गाडी उठत नाही, तर रिंग झिजली असेल किंवा मोठी गळती असेल. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहा. गाडी वाकडी उभी राहते पण रात्रीत खाली बसत नाही, तर सेन्सरची बारीक दांडी गंजून तुटली आहे का ते बघा. स्कॅनर सगळ्यात शेवटी लावा. तो बिघाडाचा भाग सांगतो, कारण क्वचितच सांगतो.

स्वस्तातलं काम आधी

नळी जोडणीजवळ गळत असेल, तर टोक सेंटीमीटरभर सरळ कापून नव्या जोडणीत बसवलं की काम होतं. रिले, ओ-रिंग, सेन्सरची दांडी हीही कमी खर्चाची कामं. कंप्रेसरची मोटर शाबूत असेल, तर नुसती पिस्टन रिंग आणि ड्रायरचे दाणे बदलता येतात. रिले त्याच वेळी बदलावा. ओल शिरलेला व्हॉल्व्ह ब्लॉक काही वेळा साफ करूनही चालतो.

बलून चिरला असेल, तर कंपनीचा पूर्ण स्ट्रट, म्हणजे बलून आणि शॉक-अप एकत्र, काही मॉडेलांत लाखाच्या घरात जातो. आतला शॉक-अप चांगला असेल, तर बऱ्याच स्ट्रटचं नुसतं रबर बदलून ते धरणाऱ्या पट्ट्या पुन्हा दाबून बसवता येतात. बाहेरच्या कंपन्यांचे सुटे भागही मिळतात. घेताना हमी लेखी घ्या. बलूनला मात्र पंक्चरचं ठिगळ लावू नका. सहा बार दाबाखाली, सतत दुमडणाऱ्या रबरावर ते टिकत नाही. लोखंडी स्प्रिंग बसवणं हा फार जुन्या गाडीसाठी शेवटचा पर्याय आहे. त्यात उंची आपोआप सावरण्याची सोय जाते आणि सूचनेचा दिवा बंद करायला वेगळं काम करावं लागतं.

तीन गोष्टी जिवाशी निगडित आहेत. गाडी नुसत्या जॅकवर किंवा बलूनच्या भरवशावर उचलून खाली कधीही शिरू नका. हवा एका क्षणात सुटते. घोडी लावाच. नळी उघडण्याआधी दाब सोडा. टायर बदलतानाही गाडीत जॅक मोड असेल तर तो सुरू करा, आणि हे पंक्चरवाल्याला आवर्जून सांगा. नवा बलून बसवल्यावर त्यात हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन चाकावर टाकू नका, कारण रिकामं रबर चिमटलं की पहिल्याच दिवशी फाटतं.

महामार्गावर गाडी बसली तर रेटत नेऊ नका. टायर मडगार्डला घासून फुटू शकतो. ती पाठीवर घेणाऱ्या सपाट गाडीतूनच न्या.

चार आकड्यांचा तो कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा आणि महिन्यातून एकदा त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा मोजा. एका कोपऱ्यात दहा मिलिमीटरांचा फरक दिसला, तर त्याच आठवड्यात साबणाचं पाणी काढा. तेव्हा कंप्रेसर अजून धडधाकट असतो, आणि खर्च एका नळीवर किंवा एका बलूनवर थांबतो.