जलराक्षस घरी येतो तेव्हा

मे महिन्याची सुट्टी लागली, की दुपारी घरात चार-पाच मुलं जमतात आणि ‘कंटाळा आला’ हे पालुपद सुरू होतं. तुमच्याकडेही असंच असेल, नाही का? गेल्या सुट्टीत माझा पुतण्या एक खेळ शिकून आला : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली बाजारात आला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. प्रत्येक वळणावर विचारायचं, “आता तू काय करतोस?” अवघड काम साधलं की फसलं, ते फासा ठरवतो. मूळ खेळात वीस बाजूंचा फासा असतो. आम्ही घरातल्या ल्यूडोचाच घेतला.

गोष्ट सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. मुलांना हवा होता समुद्रातला राक्षस. मी पहिल्याच वाक्यात तो पाण्यातून वर काढला. लांबलचक हात, ताटाएवढे डोळे! मुलांनी भराभर फासे टाकले, तलवारी चालवल्या आणि दहा मिनिटांत राक्षस खलास. “काकू, आता काय?” मी गप्प! तेल तापायच्या आधीच फोडणी टाकली, मग ती तडतडणार कशी?

त्या रात्री मी क्राकेनविषयी वाचलं. क्राकेन हा नॉर्वेच्या लोककथांमधला जलराक्षस. बर्गनचे बिशप एरिक पोन्टोपिडान यांनी अठराव्या शतकात, १७५२-५३ च्या सुमाराला, नॉर्वेच्या निसर्गावर ग्रंथ लिहिला. त्यात कोळ्यांकडून ऐकलेली हकीकत आहे. जिथे पाणी ८० ते १०० वाव खोल असायचं, तिथे दोरी टाकली की कधी २०-३० वावांवरच तळ लागतो. म्हणजे खाली क्राकेन आहे! पण कोळी पळत नाहीत. कारण त्याच्या अंगावरच मासे सर्वांत जास्त मिळतात. पाणी आणखी उथळ होऊ लागलं, की मात्र तो वर येतोय हे ओळखून वल्ही मारत सुटायचं. त्याच्या विष्ठेच्या वासाने मासे जमतात, असंही बिशपसाहेब लिहितात. हे ऐकून आमची मुलं किती हसली म्हणून सांगू!

आणि मला माझी चूक कळली. तुम्हीही असा खेळ मांडणार असाल, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, राक्षस लगेच दाखवू नका. आधी खुणा दाखवा. काल १०० वाव पाणी, आज ३०, आता २५. आकडे उतरू लागले, की मुलं आपोआप जवळ सरकतात.

दुसरी, तो दुष्टच हवा असं नाही. तो आपला वर येतो, खाली जातो. त्याच्या बुडण्याने भोवरा होतो, त्यात होडी सापडते.

तिसरी, मारण्यावाचून दुसरी एखादी वाट असू द्या. नाहीतर सगळी गोष्ट फाशावरच संपते.

दुसऱ्या दिवशी मी नॉर्वेचा किनारा उभा केला. गावात मासळी नाही, घरोघरी उपास. मुलं होडीतून निघाली. ३० वाव कळताच मोठ्या मुलांनी भाले उचलले. शेजारची नऊ वर्षांची मुलगी एरवी चार शब्दही बोलत नाही. तिच्याकडे खोली मोजायची दोरी दिली होती. ती हळूच म्हणाली, “त्याला मारलं तर उद्या मासे कुठले?”

सगळे गप्प. मग जाळी पडली. २५... २०... आणि तीच ओरडली, “होडी फिरवा!” सुटायला चार किंवा जास्त हवे होते. तिने फासा टाकला. तीन! जाळी कापून टाकली तरच होडी सुटेल, असं मी सांगितलं. एवढ्या मासळीवर पाणी सोडायला मोठी मुलं तयार होईनात. शेवटी तिने स्वतःच जाळं कापलं. मासे गेले, माणसं वाचली. त्यावर पुढे तासभर वाद चालला. खेळ संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही!

एक मात्र सांभाळा. लहान मुलं असतील तर हा खेळ दुपारीच खेळा आणि शेवटी खरी माहितीही द्या. या कथांमागे बहुधा महाकाय स्क्विड असावा, आपल्या बाजारातल्या माकुलाचं प्रचंड भावंड. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी १८५७ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. खोल समुद्रात तो जिवंत असताना त्याची छायाचित्रं मिळाली ती थेट २००४ साली, जपानी शास्त्रज्ञांना. भीतीची जागा मग कुतूहल घेतं.

संध्याकाळी घरी जाताना ती मुलगी दारात थांबली. “काकू, उद्या तो असेल ना? मी नवीन जाळं विणणार आहे.”

तुमच्याही घरात अशी एखादी अबोल मुलगी असेल. दोरी तिच्या हातात देऊन बघा!