पीक आणि प्रकाश, लेखांक ५ : तुरीला रात्र मोजता येते

गेल्या आठवड्यात आपण वालूरच्या चक्राकार बारवेपासून सुरुवात केली होती. अशा बारवेच्या दगडी सांध्यात पिंपळ उगवला की तो उजेडाकडे झुकतो. ऑक्झिन हे संप्रेरक सावलीच्या बाजूला सरकतं आणि तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून. आज बारवेतून वर येऊन शिवारात जाऊ.

सेलू तालुक्याच्या या पट्ट्यात सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घेतात. मृगात पेरलेली तूर माणसाच्या डोक्यावर जाते. पावसाने ओढ दिली आणि तीच तूर ऑगस्टअखेर पेरली, तर ती जेमतेम कमरेला लागते आणि कळ्या धरते. जमीन तीच, वाण तोच. फरक पडतो तो रात्रीमुळे.

वालूरला जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. तूर आणि सोयाबीन ही लहान दिवसाची पिकं. रात्र पुरेशी मोठी झाली की ती फुलोऱ्याकडे वळतात. मृगातल्या तुरीला तोवर वाढायला भरपूर दिवस मिळतात, उशिराच्या तुरीला मिळत नाहीत.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये हे जगासमोर मांडलं. त्यांनी ‘बिलॉक्सी’ सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं, तरी ते सप्टेंबरच्या सुमारासच फुललं. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका लहान दिवसाच्या रानटी झाडाच्या लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला. झाड फुललंच नाही. म्हणजे महत्त्व सलग अंधाराला आहे.

पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य उजेड-अंधार ओळखतं आणि पेशीतलं दैनिक घड्याळ तास मोजतं. रात्र पुरेशी भरली की पानात एक प्रथिन तयार होतं. ते अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत पोचतं आणि तिथे पानाऐवजी कळी धरते.

शेवंतीचे बागायतदार हे ज्ञान वापरतात. रात्री दिवे लावून ते कळी लांबवतात आणि सणाच्या बाजाराला फूल मिळवतात. सोयाबीनच्या शेतकऱ्याला मात्र हाच उजेड नडतो. धुऱ्यालगत रस्त्याचा प्रखर दिवा रात्रभर जळत असेल, तर त्याखालचं सोयाबीन बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं आणि काढणीला मागे पडतं.

तेव्हा पेरणी लांबली, तर तुरीच्या ओळी नेहमीच्या अंतरावर ठेवू नका. झाड लहान राहणार, म्हणून झाडांची संख्या वाढवायला हवी. आपल्या वाणासाठी नेमकं अंतर किती, हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत बघून घ्या. खत आणि पाणी आपल्या हातात आहे, रात्रीची लांबी नाही. पेरणीची आखणी तिच्याकडे बघूनच करा.

(पुढील आठवड्यात : सूर्यफूल पूर्वेकडे तोंड करून का थांबतं?)